घनमापन पद्धतीचे पाणीवाटप आणि मोजमापाचा प्रश्न : मुळा-प्रवरा लाभक्षेत्राच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याच्या कृषिजीवनास प्रवरेवरील भंडारदरा धरणाने (१९२६) व पुढे मुळा धरणाने आकार दिला. महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये पाणी वापर संस्थांना घनमापन पद्धतीने पाणी देण्याचे तत्त्व स्वीकारले गेले. नेवासे तालुक्यातील चांदा परिसरात मुळा कालव्याच्या लघुवितरिकेवर शेतकऱ्यांच्या संस्थेमार्फत पाणीवाटपाचा प्रयोग त्याआधीच झाला होता. प्रस्तुत लेखात या तत्त्वाच्या तांत्रिक पायाची चिकित्सा केली आहे.

विवेचन :
पीक व क्षेत्रानुसार आकारणीच्या पद्धतीत पाण्याच्या उधळपट्टीस आळा बसत नव्हता. घनमापन पद्धतीत पिकाची निवड शेतकऱ्याकडे राहते व काटकसरीचा लाभ संस्थेस होतो. ही भूमिका स्वागतार्ह होय. तथापि पाण्याचे घनमान प्रत्यक्ष मोजले जात नाही. ते मोजपट्टीवरील खोलीवरून काढले जाते, ही बाब दुर्लक्षित राहते.

स्टँडिंग वेव्ह फ्ल्यूममधील विसर्ग खोलीच्या दीड घाताच्या प्रमाणात वाढतो. साहजिकच २० सेंमी खोलीची नोंद २२ सेंमी अशी झाल्यास विसर्ग सुमारे १५ टक्के अधिक धरला जातो. याहून गंभीर दोष गाळ व पाणवनस्पतींमुळे उद्भवतो. फ्ल्यूमच्या खालील चारी तुंबली की तेथील पातळी चढते, उभी लाट नाहीशी होते आणि वरील मोजपट्टी तीच खोली दाखवीत असताना विसर्ग मात्र घटतो. अशा वेळी न मिळालेले पाणी संस्थेच्या खात्यावर पडते. रात्रीच्या चढउतारांची नोंद दिवसातून एकदा घेतलेल्या वाचनात येत नाही, ती उणीव वेगळीच.

या त्रुटीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. कोटा कागदोपत्री संपला की आवर्तन थांबते. चारीच्या मुखाजवळील शेते तोवर भिजलेली असतात. वंचित राहतो तो टेलचा शेतकरी. जायकवाडीसाठी पाणी सोडताना धरणाच्या दारापाशी मोजलेले पाणी व नाथसागरात पोहोचलेले पाणी यांतील तफावतीची जाहीर चर्चा होते. चारीवरील तफावत मात्र चर्चेतही येत नाही.

समारोप :
प्रवाहमापकाची आवर्तनापूर्वी तपासणी, चारीची सफाई आणि पाटकरी व टेलच्या शेतकऱ्याने मिळून घेतलेले वाचन यांशिवाय घनमापनाचा हक्क अपुराच राहतो. समन्यायी वाटपाची खरी कसोटी कायद्याच्या कलमांइतकीच मोजपट्टीच्या अचूकतेवर अवलंबून आहे.