समानधर्म्यांची चित्रे : जपानमधील हौशी पत्रिका आणि अनुकृतीचा प्रश्न

संस्कृत साहित्यशास्त्राने कवी आणि सहृदय ही दोन पदे परस्परांसमोर ठेवली, आणि मराठी टीकेनेही ती विभागणी बहुतांशी मान्य केली. एक निर्माण करतो, दुसरा ग्रहण करतो. या विभागणीत न बसणारा एक तिसरा वर्ग आहे. एखादी कथा वा चित्रमालिका अतिशय आवडल्यामुळे तिच्यातील पात्रे, प्रसंग आणि स्थळे स्वतःच्या हाताने पुन्हा रेखाटणारे, आणि ती रेखाटने त्याच कृतीवर प्रेम करणाऱ्या इतरांच्या हाती देणारे हौशी चित्रकार, हा तो वर्ग होय. त्यांना कलावंत म्हणावे, तर पात्रे दुसऱ्याची आहेत. रसिक म्हणावे, तर ते नुसते पाहून थांबलेले नाहीत. टीकाकारांनी त्यांच्याविषयी प्रायः दोन भूमिका घेतल्या आहेत. पहिली अशी की, ही नक्कल असून तिचा विचार करण्याचे कारण नाही. दुसरी वरकरणी उदार आहे. ती या रेखाटनांकडे भावी व्यावसायिकांची उमेदवारी म्हणून पाहते. दोन्ही भूमिकांत मूळ वस्तू दृष्टीआड होते. आवडत्या कृतीचे रेखाटन हा आस्वादाचाच एक प्रकार आहे आणि त्याची परीक्षाही आस्वाद म्हणूनच झाली पाहिजे, हा विचार जपानमधील हौशी पत्रिकांच्या आधारे येथे मांडावयाचा आहे.

जपानी भाषेत अशा पत्रिकेला 'दोजिन्शी' म्हणतात. 'दोजिन' म्हणजे समान आवडीची, एका विचाराची माणसे. 'शी' म्हणजे नियतकालिक. भवभूतीने ज्या समानधर्म्यासाठी अमर्याद काळावर भिस्त ठेवली, तो येथे दुसऱ्या गावी राहतो आणि टपालाने भेटतो, एवढाच फरक. हा शब्द मूळचा साहित्यिकांच्या वर्तुळातील आहे. ओझाकी कोयो आणि त्यांचे मित्र यांच्या 'केन्यूशा' या मंडळाने १८८५ मध्ये 'गाराकुता बुंको' नावाची पत्रिका काढली. आरंभी ती हाताने लिहून सभासदांमध्ये फिरविली जात असे. महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालयांतून 'हस्तलिखित' या नावाने जो अंक निघत आला, त्याच जातीची ही वस्तू म्हणता येईल.

चित्रकथेच्या क्षेत्रात या पद्धतीने दुसऱ्या महायुद्धानंतर मूळ धरले. 'मांगा शोनेन' या मासिकाने (१९४७-१९५५) वाचकांकडून चित्रे मागवून त्यांतील निवडक छापण्याचा प्रघात पाडला. याच मासिकात तेझुका ओसामु यांची पांढऱ्या सिंहाची चित्रकथा १९५० पासून १९५४ पर्यंत क्रमशः येत होती. त्या चित्रांनी भारावलेल्या मुलांपैकी एक म्हणजे मियागी प्रांतातील शोतारो ओनोदेरा, पुढे इशिनोमोरी या नावाने प्रसिद्धीस आलेले चित्रकथाकार. शाळेत असतानाच, १९५३ च्या सुमारास, त्यांनी समवयस्कांचे एक मंडळ जमविले आणि 'बोकुजू इत्तेकी', म्हणजे 'शाईचा एक थेंब', या नावाचा फिरता अंक सुरू केला. मासाओका शिकी या कवीच्या १९०१ मधील लेखमालेचे हेच नाव होते. पुढे विनोदी चित्रकथांमुळे गाजलेले आकात्सुका फुजिओ त्या वेळी तोक्योतील एका रासायनिक कारखान्यात काम करीत. तेही या मंडळात आले.

अशा फिरत्या अंकाची रचना ध्यानात घेतली पाहिजे. सभासद आपली मूळ पाने पाठवीत. ती एकत्र बांधली जात. आणि ती एकमेव प्रत टपालाने एकाकडून दुसऱ्याकडे जाई. अंकाच्या शेवटी अभिप्रायासाठी कोरी पाने राखलेली असत. अंक सर्वत्र फिरून परत येई, तेव्हा चित्रे आणि त्यांवरील टीका एकाच बांधणीत असत. येथे वाचक हाच पुढच्या अंकाचा चित्रकार असतो, आणि प्रत्येक चित्रकाराला ठाऊक असते की, आपले चित्र पाहणाऱ्याने मूळ कृती पाठ होईपर्यंत वाचलेली आहे. अपरिचित जनसमुदायासमोर मांडलेल्या चित्रापेक्षा ही कसोटी सौम्य नाही, उलट ती अधिक कठोर आहे. सिंहाच्या मानेचा झोक चुकला तर तो येथे कोणाच्याही नजरेतून सुटत नाही.

इशिनोमोरी आणि आकात्सुका हे दोघेही पुढे मोठे व्यावसायिक झाले, यामुळे उमेदवारीच्या सिद्धान्ताला बळ मिळते, हे खरे. परंतु ज्यांची नावे कोठेच उरली नाहीत अशा इतर सभासदांच्या पानांविषयी तो सिद्धान्त काहीच सांगू शकत नाही. ज्या उपपत्तीला दहांपैकी आठांच्या कृतीबद्दल मौन पाळावे लागते, ती त्या कृतीची उपपत्ती नव्हे. ती यशस्वी माणसांच्या चरित्राची प्रस्तावना होय.

या परंपरेचे दुसरे पर्व १९७५ मध्ये सुरू झाले, आणि त्याच्या मुळाशी टीकेच्या हक्काचा प्रश्न होता, ही गोष्ट पुरेशी लक्षात घेतली जात नाही. त्या वर्षी एका मांगा-संमेलनावर टीका करणाऱ्या व्यक्तीला संमेलनात भाग घेण्यास मज्जाव करण्यात आला. त्याच्या निषेधातून 'मेइक्यू' या टीकाकारांच्या हौशी गटाने निराळा मेळावा भरविण्याचे ठरविले. योनेझावा योशिहिरो हे या गटातील एक. २१ डिसेंबर १९७५ रोजी तोक्योतील तोरानोमोन भागातल्या एका सभागृहात पहिला 'कॉमिक मार्केट' भरला. ३२ गटांनी आपले अंक मांडले आणि सुमारे ७०० माणसे आली. त्यांत मुलींसाठीच्या चित्रकथा वाचणाऱ्या शाळकरी मुलींचा भरणा फार मोठा होता. या मेळाव्याचे एक तत्त्व पुढेही टिकले. तेथे 'ग्राहक' हा शब्द वापरीत नाहीत. अंक मांडणारा, तो घेणारा आणि रांगा लावणारा स्वयंसेवक हे सर्व 'सहभागी' होत. फिरत्या अंकातील वाचक आणि चित्रकार यांचा अभेद बाजाराच्या रूपातही जपण्याचा हा प्रयत्न होता.

आता मूल्यमापनाचा प्रश्न. प्रेमापोटी काढले म्हणून प्रत्येक चित्र चांगले, असे मानल्यास टीकेचे कामच संपते; आणि पात्रे उसनी आहेत म्हणून प्रत्येक चित्र हीन, असे मानल्यास ते सुरूच होत नाही. या कोंडीतून वाट काढण्याचे साधन भारतीय साहित्यशास्त्रात उपलब्ध आहे. आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'च्या चौथ्या उद्द्योतात दोन कवींच्या उक्तींतील सादृश्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. प्रतिबिंबासारखे सादृश्य, चित्रासारखे सादृश्य, आणि दोन देहधारी माणसांतील सादृश्य. पहिल्याला स्वतःचा आत्माच नाही, दुसऱ्याचा आत्मा तुच्छ आहे, म्हणून दोन्ही त्याज्य. तिसऱ्यात मात्र साम्य असूनही प्रत्येकाचे जीवित स्वतंत्र असते, म्हणून कवीने त्याचा त्याग करू नये, असा त्याचा निर्णय आहे. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त या विभागणीला 'परपुरप्रवेश' हा चौथा प्रकार जोडला. मूळ एकच, परंतु भोवतालची मांडणी फार दूरची, हे त्याचे लक्षण. दुसऱ्याच्या नगरीत प्रवेश करून तेथे स्वतःचा संसार मांडावा, तसे हे आहे. हौशी चित्रपत्रिकांना याहून नेमके नाव शोधूनही सापडणार नाही.

या कसोटीने पाहता, मुखपृष्ठावरील नायकाची रेघ न् रेघ उतरवून काढलेले चित्र हे प्रतिबिंब होय. त्यातील श्रम खरे असले तरी पाहणाऱ्याला त्यातून मूळ कृतीविषयी नवे काही कळत नाही. नायकाला निराळा पोशाख चढविला आणि हाती फुले दिली, की चित्र दुसऱ्या प्रकारात येते. येथे बदल आहे, पण तो अंगावरचा आहे. तिसऱ्या आणि चौथ्या प्रकारांची उदाहरणे मात्र थोडी सविस्तर पाहण्याजोगी आहेत.

हागिओ मोतो यांची 'पो नो इचिझोकु' ही कधीही मोठ्या न होणाऱ्या रक्तपिपासू किशोरांची चित्रकथा १९७२ ते १९७६ या काळात आली आणि पहिल्या मेळाव्याला आलेल्या मुलींच्या पिढीने ती डोक्यावर घेतली. तिचे 'पोरु नो इचिझोकु' हे विडंबन मेइक्यूनेच आपल्या टीकापत्रिकेतून प्रसिद्ध केले. टीकेच्या पत्रिकेत विडंबनचित्रे यावीत, याचे मराठी वाचकाला नवल वाटू नये. केशवकुमारांच्या 'झेंडूची फुले' (१९२५) या संग्रहाने मराठी कवितेतील रूढ लकबींची जी चिकित्सा केली, ती अनेक गंभीर लेखांना साधली नाही. विडंबनकाराला मूळ कवीची चाल अंगात मुरवावी लागते. ज्याला ती मुरविता येत नाही, त्याची थट्टा चुकीच्या जागी पडते आणि मूळ कृती अबाधित राहते.

दुसरे उदाहरण अधिक वादग्रस्त आहे. ताकाहाशी योइची यांची 'कॅप्टन त्सुबासा' ही फुटबॉल खेळणाऱ्या मुलांची चित्रकथा १९८१ मध्ये मुलांच्या एका साप्ताहिकात सुरू झाली. १९८० च्या दशकाच्या मध्यावर असंख्य स्त्री-चित्रकारांनी तिच्यातील खेळाडूंना प्रेमिक म्हणून रेखाटले. मूळ कथेत असे काही नाही, हा आक्षेप उघडच आहे. परंतु मूळ कथेत परस्परांवाचून अपुरे असलेले प्रतिस्पर्धी आहेत, पराभवानंतरचे अश्रू आहेत, एकमेकांच्या खेळाचा ध्यास आहे. या चित्रकर्त्रींनी वीररसाच्या आलंबनातून शृंगार काढून दाखविला. पूर्वपरिचित अर्थही रसाच्या संयोगाने वसंतातील वृक्षांप्रमाणे नवे भासतात, असे आनंदवर्धन म्हणतो, तेव्हा त्याच्यासमोर हे उदाहरण नव्हते. तरीही तत्त्व तेच आहे. या चित्रांपैकी जी चांगली आहेत ती पाहिल्यावर मूळ कथा पूर्वीसारखी वाचता येत नाही. दोन मुलांमधील स्पर्धेत किती आसक्ती दडलेली असते, हे वाचकाच्या ध्यानात येऊन राहते. टीकेकडून याहून अधिक अपेक्षा कोणी करीत नाही.

जी चांगली नाहीत, त्यांची संख्या अर्थात् मोठी आहे. पहिल्या चित्रकर्तीचा शोध दहाव्या चित्रकर्तीपर्यंत येतो तेव्हा संकेत बनतो, आणि शंभराव्या चित्रात मूळ कथेऐवजी त्या संकेताचेच प्रतिबिंब उरते. ही जाणीव हौशी मंडळींना नव्हती असे समजण्याचे कारण नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्याच वर्तुळात 'याओइ' हा शब्द रूढ झाला. उत्कर्षबिंदू नाही, समारोप नाही, अर्थ नाही, अशा तीन जपानी वाक्खंडांच्या आद्याक्षरांचा तो बनला आहे. स्वतःच्या दोषावर एवढ्या थोड्या अक्षरांत केलेली टीका व्यावसायिक समीक्षेतही दुर्मिळ आहे. पुढे तोच शब्द त्या प्रकारच्या चित्रकथांचे नाव म्हणून मिरवू लागला, आणि त्यातील टीका विझली.

येथेच या परंपरेपुढील खरा धोका दिसतो. डिसेंबर २०१९ मध्ये चार दिवसांच्या मेळाव्याला सुमारे ७,५०,००० उपस्थिती नोंदली गेली. अनेक गटांचा छपाईचा खर्चही भरून निघत नाही, म्हणून धनलोभाचा आरोप सरसकट करता येत नाही. परंतु एवढ्या गर्दीत अंक हातात पडतो आणि घेणारा पुढे सरकतो. फिरत्या अंकाच्या शेवटची कोरी पाने येथे नाहीत. 'सहभागी' हा शब्द टिकला. सहभागाचे ते एक साधन मात्र मागे पडले. अभिनवगुप्ताने सहृदयाचे लक्षण सांगताना काव्याच्या अनुशीलनाने, अभ्यासाने निर्मळ झालेल्या मनाच्या आरशाची गोष्ट केली आहे. हाताने रेखाटणे हे अनुशीलन खरेच; पण आपल्या रेखाटनावर समानधर्म्याचा अभिप्राय येतो, तेव्हाच तो आरसा पुसला जातो. आवड आणि पारख यांच्यात जो अभ्यास लागतो, त्याचा अर्धा भाग दुसऱ्याच्या हाती असतो.

कायद्याची दृष्टी याहून निराळी असणे स्वाभाविक आहे. जपानच्या १९७० च्या स्वामित्वहक्क कायद्याने लेखकाला आपल्या कृतीची अखंडता राखण्याचा हक्क दिला आहे, आणि १९९९ मध्ये एका लोकप्रिय मालिकेतील पात्रांच्या हौशी पत्रिकेबद्दल अटकही झाली. तथापि ३० डिसेंबर २०१८ पासून लागू झालेल्या दुरुस्तीत एक सूक्ष्म भेद आढळतो. हक्कधारकाच्या तक्रारीवाचून खटला चालविण्याची मुभा देताना ती, लाभाच्या हेतूने मूळ कृती जशीच्या तशी खपविण्यासारख्या कृत्यांपुरती मर्यादित ठेवण्यात आली. मूळावरून रचलेल्या हौशी कृती त्याबाहेर राहिल्या. त्या निर्दोष ठरल्या असे नव्हे; त्यांचा निर्णय मूळ कर्त्याच्या तक्रारीवर सोडला गेला. प्रतिबिंब आणि तुल्यदेही यांतील आनंदवर्धनाचा भेद अकराशेहून अधिक वर्षांनी एका दूरच्या विधिमंडळाला, त्याचे नाव न घेता, करावा लागला.

अभ्यासकापुढे शेवटी साधनांचा प्रश्न उभा राहतो. कॉमिक मार्केटमध्ये मांडल्या जाणाऱ्या प्रत्येक अंकाची एक नमुना-प्रत आयोजकांकडे द्यावी लागते. १९८० पासून २००६ मध्ये मृत्यू येईपर्यंत मेळाव्याची धुरा वाहणाऱ्या योनेझावा यांच्या संग्रहातून मेइजी विद्यापीठाने २००९ मध्ये तोक्योत एक स्मारक-ग्रंथालय उघडले. नमुना-प्रतींचा काही भागही तेथे पाहावयास मिळतो. एका पिढीने कोणती कथा कशी वाचली, कोठे अडखळली, कोठे असमाधानी राहून स्वतः पुढे रेखाटू लागली, याचा पुरावा गाजलेल्या परीक्षणांत सापडत नाही. तो या पातळ अंकांत आहे. महाराष्ट्रातील हस्तलिखितांचे गठ्ठे ज्या शाळांच्या कपाटांत अद्याप शिल्लक असतील, तेथेही तो असण्याचा संभव आहे. ते उघडताना चित्रांबरोबर शेवटची पानेही तपासावी लागतील. कारण कोणी, कोणत्या चित्राखाली, काय लिहिले, यावरच त्या अंकाचे वाङ्मयीन मूल्य ठरणार आहे.