वेरूळचा ‘धेडवाडा’ आणि मॅलेटसाहेबाची चित्रे

चित्राच्या सौंदर्याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते. पण ते कोणाच्या पैशाने निघाले, कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेले आणि त्यातल्या जागेला नाव कोणी दिले, याविषयी आमचे प्रस्थापित समीक्षक सहसा मौन पाळतात. हे प्रश्न ‘कलाबाह्य’ आहेत, असे आम्हाला विद्यार्थिदशेत शिकवले गेले. मला ते कलाबाह्य वाटत नाहीत. 1803 साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेली वेरूळच्या लेण्यांची 24 चित्रे समोर ठेवून मी हे म्हणतो आहे.

चार्ल्स वॉरे मॅलेट हा पुण्याच्या पेशवे दरबारातला ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार 1791 साली मुंबईस उतरला आणि पुढल्या वर्षी पुण्यास आला. सवाई माधवराव, नाना फडणवीस यांची तैलचित्रे त्याने काढली. पण त्याचे मन रमले ते लेण्यांत. 1795 साली साष्टीत तापाने तो वारला. त्याची आरेखने मॅलेटच्या ताब्यात आली. 1799 साली मॅलेटने वेल्सची मुलगी सुझाना हिच्याशी लग्न केले. ही आरेखने लंडनच्या थॉमस डॅनियलकडे गेली आणि त्यांवरून वेरूळचा चित्रसंग्रह निघाला. याच डॅनियलने 1805 साली, 1790 च्या पुणे दरबारातल्या टिपूविरोधी तहाचे भव्य तैलचित्र मॅलेटसाठी रंगवले. त्या दरबारात डॅनियल स्वतः नव्हता; आधार पुन्हा वेल्सच्या कागदांचाच. ते तैलचित्र 2007 साली लंडनच्या टेट संग्रहालयाने विकत घेतले. मॅलेटच्या संग्रहातील कितीतरी कागद अमेरिकन धनिक पॉल मेलन याच्यामार्फत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात पोहोचले.

म्हणजे दोनशे वर्षांचा फेरफार नोंदवून ठेवला आहे. सासऱ्याकडून जावयाला, जावयाकडून वारसांना, पुढे संग्रहालयाला. एका कागदाच्या मालकीची इतकी निगा! माझ्या आजोबांच्या हाडकीच्या जमिनीचा असा एकही सलग कागद आमच्या घरात नाही. वतनाच्या नावाखाली गावची चाकरी मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालली.

या साखळीतही एक नाव मागे पडते: गंगाराम तांबट. मॅलेटच्या पदरी काम करणारा हा पुण्याचा चित्रकार. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा त्याने काढला, लेण्यांची आरेखने केली. आज येलमध्ये त्याच्या नावाने त्याची चित्रे आहेत. 1803 च्या संग्रहाच्या मुखपृष्ठावर मात्र वेल्स आणि डॅनियल. कारागिराचा हात घ्यायचा आणि नाव दुसऱ्याचे लावायचे, ही रीत केवळ गोऱ्यांची होती असे म्हणण्याचे धाडस आपण तरी करू नये.

पण खरा मुद्दा पुढेच आहे. त्या संग्रहाच्या नावात वेरूळची लेणी सरसकट ‘हिंदू’ ठरली आहेत. वास्तविक वेरूळच्या 34 लेण्यांपैकी पहिली 12 बौद्ध आहेत. मॅलेटच्या अज्ञानावर मी फार रागावणार नाही. बौद्ध धम्माचा इतिहास तेव्हा युरोपियनांना जेमतेम ठाऊक होता. अशोकाचे लेख वाचले गेले ते 1837 च्या सुमारास. प्रश्न त्याला माहिती पुरवणाऱ्यांचा आहे. ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या सहाव्या खंडात मॅलेटने वेरूळचे वर्णन छापले. लेणी इलू राजाने सात हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कोरली, असे त्याला ब्राह्मणाने सांगितले. एका मुसलमान गृहस्थाने नऊशे वर्षांचा हिशेब दिला. त्यातला दुसरा आकडा खऱ्याच्या किती जवळ होता!

याच वर्णनात डोंगराच्या दक्षिण टोकाच्या लेण्यांचे नाव येते: ‘धेडवाडा’. मॅलेट त्याचा अर्थ देतो, हलालखोरांची वस्ती. लेणे क्रमांक 5 ला अजूनही ‘महारवाडा’ म्हणतात. क्रमांक 10 मध्ये स्तूपापुढे बुद्ध बसला आहे. त्याला विश्वकर्मा केले आणि लेण्याला ‘सुतार की झोपडी’ म्हटले. ज्याला देव करता आला त्याला देव केला. ज्या रिकाम्या विहारांत देव बसवता येईना, ते आमच्या नावावर चढवले. गावाचा नकाशा उचलून डोंगरावर ठेवला गेला. वेल्सच्या कागदावर नुसता दगड, सावली आणि झाडी होती असे कोणाला वाटत असेल, तर त्याने त्या जागांची नावे वाचावीत.

आमच्यातले काही उत्साही मित्र या नावावरून लेणी महारांनीच कोरली, असे म्हणतात. मला हे पटत नाही. शिवी म्हणून पडलेल्या नावातून वंशावळ काढणे म्हणजे शिवी देणाऱ्यालाच साक्षीदार मानणे होय. त्या नावावरून एवढेच सिद्ध होते की, भिक्षूंचे निवासस्थान ओसाड पडल्यावर सवर्ण समाजाला ते अस्पृश्य वाटले. हे काही थोडे नाही.

1934 साली बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहण्यास निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यात त्यांनी तळ्याच्या पाण्याने हातपाय धुतले, तोच एक वृद्ध मुसलमान धेडांनी तळे बाटवले म्हणून ओरडत आला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मध्ये ही हकिकत त्यांनी लिहिली आहे. लेण्याला चिकटलेला शब्द आणि लेणी पाहायला निघालेल्या माणसाच्या अंगावर फेकलेला शब्द एकच आहे. त्याच औरंगाबादेत 1950 साली बाबासाहेबांनी महाविद्यालय काढले, त्याला पुढे मिलिंदाचे नाव दिले आणि परिसराला नागसेनवन म्हटले. नावे कोण ठेवतो, याचे महत्त्व त्यांना पुरेपूर कळले होते.

म्हणून ‘महारवाडा’ हे नाव पुसून टाकावे, अशी मागणी मी करणार नाही. ते कसे पडले, हे पाठ्यपुस्तकात यावे. येलने आपल्या संग्रहातील बरीच चित्रे सर्वांना विनामूल्य पाहण्यास खुली केली आहेत. सोलापुरातल्या कोणत्याही छपाईच्या दुकानात त्यांची मोठी प्रत निघते. मराठीच्या आणि इतिहासाच्या वर्गात ती लावायला काय हरकत आहे?

आमच्या सोलापूरकडच्या सहली वेरूळला जातात त्या कैलास पाहतात, म्हणजे क्रमांक 16, आणि जेवणाची वेळ झाली म्हणून परत फिरतात. बर्जेसच्या काळापासून चालत आलेले क्रमांक दक्षिणेकडून सुरू होतात; म्हणजे गावाने शेवटी टाकलेला वाडा मोजणीत पहिला येतो. शिक्षकांनी मुलांना तिथून सुरुवात करायला लावावी. क्रमांक 5 मध्ये खांबांच्या रांगांमधून, लेण्याच्या लांबीभर, दगडाचे दोन बुटके बाक कोरलेले आहेत. भिक्षू तिथे समोरासमोर, एका ओळीत बसत असावेत.