चेतापेशींवरील खूण आणि तिचा अर्थ : एक चिकित्सा

उंदराच्या मेंदूतील नुकत्याच सक्रिय झालेल्या चेतापेशींवर खूण उमटविणाऱ्या जनुकीय व विषाणू-आधारित तंत्रांमुळे 'शास्त्रज्ञांना स्मृती दिसली' असे विधान आता पदव्युत्तर वर्गातही सहज ऐकू येते. प्रस्तुत लेखकाच्या मते हे विधान तंत्राच्या कुवतीपेक्षा बरेच पुढे गेलेले आहे.

चेतापेशी तीव्रतेने उद्दीपित झाली की तिच्यातील सी-फॉस, आर्क यांसारखी जनुके काही मिनिटांतच कार्यान्वित होतात. १९८७ मध्ये हे निरीक्षण मेंदू व मज्जारज्जू यांच्या संदर्भात पुढे आले. मात्र फॉस प्रथिन काही तासांत ओसरते. खूण टिकत नाही. २००७ मध्ये मार्क मेफोर्ड व सहकाऱ्यांनी फॉस जनुकाच्या प्रवर्तकाला टेट्रासायक्लिनवर चालणारी कळ जोडली. खाद्यातील डॉक्सिसायक्लिन थांबविले की नोंद सुरू होते, पुन्हा दिले की बंद होते. २०१३ मधील 'ट्रॅप' पद्धतीत टॅमॉक्सिफेनच्या साहाय्याने त्या वेळी सक्रिय असलेल्या पेशींवर कायमची खूण राहते. अशी जनुकीय रचना एडिनो-असोसिएटेड विषाणूमार्फत थेट मेंदूच्या इच्छित भागात पोहोचविता येते. या विषाणूत सुमारे ४.७ हजार आधारजोड्यांपलीकडे काही मावत नाही, ही अडचण आहेच.

खरा प्रश्न 'नुकत्याच' या शब्दाचा आहे. डॉक्सिसायक्लिन शरीरातून ओसरण्यास वेळ लागतो, म्हणून पहिल्या पद्धतीचा कालावधी दिवसांत मोजावा लागतो, 'ट्रॅप'चा तासांत. २०१७ मध्ये आलेल्या 'कॅल-लाइट' व 'फ्लेअर' या पद्धतींत निळा प्रकाश आणि पेशीतील वाढलेले कॅल्शियम या दोन्ही अटी एकत्र आल्या तरच खूण होते. तेथे कालावधी मिनिटांवर येतो. उंदराला प्रयोगात बसलेला धक्का काही सेकंदांचा असतो. उरलेल्या काळात त्याला हाताळले जाते, सुई टोचली जाते, पिंजरा बदलला जातो; तेही नोंदले जाते. हजेरीपटावरून विद्यार्थी वर्गात होता एवढेच कळते, तो काय शिकला हे नव्हे, हे अध्यापकवर्गास वेगळे सांगावयास नको.

याहून गंभीर मर्यादा न उमटलेल्या खुणेची आहे. फॉस प्रत्येक विद्युत्स्पंदनाला प्रतिसाद देत नाही. काही प्रकारच्या पेशी सक्रिय असूनही तो फारसा दर्शवीत नाहीत. ज्या पेशीची सक्रियता घटली, तिची तर नोंदच होत नाही. आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर हा मुद्दा पुस्तकी नाही. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील कीटकनाशके ॲसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर निष्प्रभ करतात. तीव्र विषबाधेत झटके आले की मेंदूत फॉस इतका सर्वदूर पसरतो की खुणेला भेद करणे कठीण जाते. आणि वर्षानुवर्षे अल्प मात्रेत होणाऱ्या संपर्काने एखाद्या पेशीसमूहाचे कार्य मंदावत असेल, तर खूण तेथे मुकीच राहील. अशा संशोधनाचा प्रस्ताव केवळ या तंत्रावर बेतणे म्हणूनच धोक्याचे होय.

२०१२ मध्ये सुसुमु तोनेगावा यांच्या प्रयोगशाळेने खूण केलेल्या पेशी प्रकाशाने पुन्हा चेतवून उंदरांत भयप्रतिसाद निर्माण केला. हा प्रयोग निःसंशय मोलाचा आहे. तथापि त्या पेशी प्रतिसाद घडविण्यास पुरेशा ठरल्या, एवढेच त्यातून सिद्ध होते. स्मृती केवळ तेथेच साठवलेली असते, हे नव्हे.

या दृष्टीने मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील विदिता वैद्य यांच्या गटाने सहकाऱ्यांसह २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेले संशोधन अधिक समाधानकारक वाटते. डीओआय या द्रव्याने उंदरांतील चिंतासदृश वर्तन कमी होण्यात हिप्पोकॅम्पसच्या अधर भागातील पार्व्हाल्ब्युमिनयुक्त पेशींचा वाटा दाखविताना तेथे पेशींची विद्युत्सक्रियता प्रत्यक्ष मोजली गेली, तसेच सेरोटोनिनचा ग्राही नसलेल्या उंदरांत तो ठरावीक पेशींतच पूर्ववत करून पाहिला गेला. आपल्या महाविद्यालयांत अशी सामग्री नाही हे मान्यच. पण शोधनिबंध वाचताना 'खूण किती तासांची, आणि तुलनेचा गट कोणता' हे दोन प्रश्न विद्यार्थ्यांकडून विचारून घेण्यास सामग्री लागत नाही.