कलावंतांसाठी तयार इलेक्ट्रॉनिक भाग : किमतीचा विचार

ग्रँट रोडलगतच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा जो बाजार आहे, त्याच्या गिऱ्हाइकांत आता शिल्पकार, नेपथ्यकार आणि लालबाग-परळच्या गणेशोत्सवांतील हलते देखावे रचणारे कारागीर यांचीही भर पडली आहे. त्यांची एक तक्रार असते : सुट्या भागांच्या बेरजेपेक्षा तयार जुळणीची किंमत कितीतरी अधिक, मग हा वरचा पैसा कशाचा? प्रश्न रास्त आहे. मात्र केवळ बेरजेने त्याचा निकाल लागेल, हे आम्हांस मान्य नाही.

देखाव्यातील गरुडाचे पंख हलवावयाचे आहेत, असे समजू. सूक्ष्मनियंत्रकाच्या एका टोकातून सुमारे २० मिलिअँपिअर प्रवाह निर्धोकपणे घेता येतो. मोटार त्याच्या अनेक पट मागते. म्हणून मध्ये रिले हवा, रिले चालविणारा ट्रान्झिस्टर हवा, आणि रिलेच्या वेटोळ्यातील प्रवाह तुटताच उसळणारा उलटा दाब पचविणारा डायोडही हवा. हा डायोड अगदी क्षुल्लक किमतीचा; पण तो उलटा बसला किंवा राहूनच गेला, तर ट्रान्झिस्टर जळतो. (तो जळतो, तेव्हा बहुधा प्रतिष्ठापनेची आदली रात्र असते.) तयार जुळणीत आपण डायोड विकत घेत नाही, तो योग्य जागी बसलेला असल्याची खात्री विकत घेतो. या खात्रीस मोल देणे अन्याय्य नव्हे.

२००५ साली इटलीतील इव्रेआ येथे निर्माण झालेल्या आर्दुइनो या पट्टीचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. ती मुख्यतः रचनेचे विद्यार्थी व कलावंत यांच्यासाठी योजिलेली होती. कर्त्यांनी तिचा आराखडा सर्वांस खुला केला, नाव तेवढे स्वतःकडे राखले. साहजिकच त्या आराखड्यावरून दुसऱ्याने पट्टी करून विकणे गैर नाही; तीवर मूळ नाव छापणे गैर आहे. अशा प्रती मूळ पट्टीहून पुष्कळच स्वस्त मिळतात. त्यांत संगणकाशी संपर्क साधणारी चिप पुष्कळदा निराळी असते, आणि तिच्यासाठी काही संगणकांवर वेगळी आज्ञावली बसवावी लागते. विक्रेत्याने हे आधी सांगितले, तर स्वस्ताई खरी. न सांगितल्यास किमतीतला उरलेला भाग गिऱ्हाईक जागरणाने फेडतो. दुकानाचे भाडे, आयातीचा कर, जळून परत येणारा माल ही विक्रेत्यांची बाजूही खोटी नाही; परंतु मौनाचे समर्थन तिने होत नाही.

१८४१ साली जॉन रँड या अमेरिकी चित्रकाराने तैलरंगासाठी कथलाची नळी काढली, तेव्हापासून चित्रकारही तयार वस्तूच विकत घेत आला आहे. पण चांगल्या रंगाच्या नळीवर आत कोणते रंगद्रव्य आहे, ते छापलेले असते. ‘कलावंतांसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक इलेक्ट्रॉनिक संचांत नेमके हेच नसते : आराखडा नाही, चिपवरील क्रमांक खरवडलेला, वर राळेचा थर. रिलेच्या अंगावर १० अँपिअर लिहिलेले असते. पट्टीवरील तांब्याची रेषा मात्र तेवढा प्रवाह पेलण्याइतकी रुंद नसते, आणि राळेखाली ती दिसतही नाही. २३० व्होल्टांच्या दिव्यांची माळ अशा पट्टीस जोडणाऱ्याची फसवणूक केवळ पैशाची राहत नाही. या संचांची किंमत आम्ही अन्याय्य समजतो. ती कमी असली, तरीही.

प्रस्तुत लेखकाने एका छोट्या प्रदर्शनासाठी अशीच एक बंद डबी घेतली होती. वर्षभराने तिच्यातील रिले निकामी झाला. तसा रिले त्याच रस्त्यावर सुटा मिळत होता. राळ फोडून जुना काढणे मात्र साधले नाही, आणि सबंध डबी पुन्हा विकत घ्यावी लागली.