कॅमेऱ्याचे माहितीपत्रक कसे वाचावे?

मागच्या महिन्यात धाकट्या बहिणीने दोन कॅमेऱ्यांची माहितीपत्रके माझ्यापुढे ठेवली. सुट्टीत ती मुलांना घेऊन हंपीला जाणार आहे. "ताई, तू प्रयोगशाळेत दिवसभर प्रकाशच मोजतेस ना? मग सांग, यातला कुठला घेऊ? फोनने घरातले फोटो धड येत नाहीत."

प्रश्न दोन मिनिटांचा वाटला. उत्तराला अख्खा रविवार लागला. दोन्ही पत्रके गुळगुळीत कागदावर छापलेली होती आणि त्यांत मिळून शंभराच्या वर आकडे होते. एकही आकडा खोटा नव्हता. तरीही बहिणीला हवे ते उत्तर त्यांत सरळ कुठेच नव्हते. आपण पुस्तकाचे परीक्षण करतो, मग ज्या कागदाच्या भरवशावर आपण पगारातले हजारो रुपये खर्च करतो त्याचे का करू नये?

हे परीक्षण करायला मला एक घरगुती कारणही आहे. २०१२ साली आमच्या बाबांची एकसष्टी झाली. आठवडाभर आधी मी नवा कॅमेरा घेतला होता. जुना ६ मेगापिक्सेलचा, नवा १६ मेगापिक्सेलचा; त्यापलीकडे मी काही वाचले नव्हते. संध्याकाळी ट्यूबलाइट मालवून एकसष्ट दिव्यांनी औक्षण झाले. मी मागे दाराशी होते, म्हणून झूम करून चौदा फोटो काढले. एकातही बाबांचे डोळे नीट दिसत नाहीत. बाबा २०१४ साली गेले. औक्षणाचा धड फोटो आमच्या घरात नाही.

पहिला आकडा

मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख चित्रबिंदू. १९७५ साली कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन यांनी पहिला हातात धरता येणारा डिजिटल कॅमेरा बनवला, तेव्हा त्याचे चित्र १०० गुणिले १०० बिंदूंचे, म्हणजे ०.०१ मेगापिक्सेलचे होते. एक चित्र कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद लागत. त्या काळात बिंदू वाढवणे हीच खरी प्रगती होती.

आज किती बिंदू लागतात? ६ गुणिले ४ इंचाचा फोटो इंचाला ३०० बिंदू या दराने छापला, तर १८०० गुणिले १२०० म्हणजे सुमारे २.२ मेगापिक्सेल पुरतात. ए-फोर कागदाला ८.७ लागतात. फोर-के दूरचित्रवाणी संचाचा पडदाच ८.३ मेगापिक्सेलचा असतो. अल्बम आणि पडदा यांपलीकडे न जाणाऱ्या कुटुंबाची गरज इथे संपते.

शिवाय बिंदूंची संख्या हे क्षेत्रफळाचे माप आहे, लांबीचे नव्हे. १२ ऐवजी २४ मेगापिक्सेल घेतले तर बारकावा दुप्पट होत नाही. दोनच्या वर्गमुळाइतका, म्हणजे १.४ पट होतो. बारकावा दुप्पट हवा तर ४८ लागतील. आठवी-नववीच्या मुलांना वर्गमुळाचा उपयोग दाखवायला यापेक्षा जवळचे उदाहरण सापडणे कठीण.

बहिणीच्या दोन्ही पत्रकांवर सर्वांत मोठ्या अक्षरांत हाच आकडा होता, आणि दोन्हींवर तो एकच होता: २०.

बारीक अक्षरातला आकडा

चित्र ज्या सिलिकॉनच्या चकतीवर पडते तिला सेन्सर किंवा संवेदक म्हणतात. प्रत्येक चित्रबिंदू हे प्रकाशकण गोळा करणारे एक भांडे समजा. पावसात वाटी ठेवली आणि परात ठेवली, तर परातीत जास्त पाणी जमते. २० दशलक्ष भांडी लहान चकतीवर बसवायची, तर प्रत्येक भांडे लहान करावे लागते.

प्रकाशकण एकसारखे येत नाहीत, पावसाच्या थेंबांसारखे अनियमित येतात. सरासरी १०० कण येत असतील, तर प्रत्यक्ष मोजणी १०ने कमी-जास्त होते, म्हणजे १० टक्के चूक. ४०० कण येत असतील, तर २०ने, म्हणजे ५ टक्के. अंधारातल्या फोटोत गालावर जी रवाळ खरखर दिसते, ती बहुतांशी हीच चूक. ती निसर्गनियमातूनच येते. सॉफ्टवेअर तिला पुसते, पण तिच्याबरोबर चेहऱ्याच्या बारीक रेषाही पुसल्या जातात.

आता पत्रके पाहू. पहिल्यात संवेदकाचा आकार '१/२.३ इंच', दुसऱ्यात '१ इंच' असा दिला आहे. इंच म्हटल्यावर कोणीही फूटपट्टी आठवेल. पण या संवेदकाची कोणतीही बाजू एक इंच नाही. तो १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटरचा असतो आणि त्याचा कर्णही सुमारे १६ मिलिमीटरच भरतो. हे माप जुन्या दूरचित्रवाणी कॅमेऱ्यांतील काचेच्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून आले. नळ्या गेल्या, माप उरले. माझी सर्वांत मोठी तक्रार इथे आहे. चौरस मिलिमीटरमध्ये क्षेत्रफळ छापले असते, तर सातवीतल्या मुलालाही तुलना करता आली असती: पहिला संवेदक सुमारे २८ चौरस मिलिमीटर, दुसरा ११६. चौपटीहून अधिक!

झूमची किंमत

पहिल्या पत्रकावर '४० पट झूम' ठळक आहे, दुसऱ्यावर '३ पट'. दुकानदार पहिला का दाखवतो ते समजते. पण झूम ही किंमत देऊन घेण्याची वस्तू आहे आणि ती किंमत भिंगाच्या एफ-अंकात लिहिलेली असते. हा अंक जितका मोठा, तितके भिंगाचे तोंड प्रकाशाला लहान. आणि प्रकाश अंकाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. पहिल्याचे भिंग एफ/३.३ ते ६.९, दुसऱ्याचे एफ/१.८ ते २.८.

झूम न करता तुलना करू. ३.३ भागिले १.८, त्याचा वर्ग सुमारे ३.४. त्याला संवेदकांच्या क्षेत्रफळांच्या ४.१ या गुणोत्तराने गुणले, की सुमारे १४ येतात. म्हणजे एकाच खोलीत, तेवढ्याच वेळात, दुसरा कॅमेरा १४ पट प्रकाश गोळा करतो. पहिल्याला १/८ सेकंद लागेल तिथे दुसरा साधारण तितकाच स्वच्छ फोटो १/१०० सेकंदात काढील. सेकंदाला दोन मीटर वेगाने पळणारे मूल १/८ सेकंदात २५ सेंटिमीटर सरकते, १/१०० सेकंदात २ सेंटिमीटर. बहिणीच्या प्रश्नाचे उत्तर हा १४चा आकडा होता, आणि तो दोन्ही पत्रकांत नाही.

झूम पूर्ण ताणल्यावर आणखी एक गोष्ट होते. प्रकाश ही लहर असल्यामुळे भिंग कितीही उत्तम असले तरी बिंदूचे चित्र बिंदू येत नाही, छोटी चकती येते. हिरव्या प्रकाशासाठी एफ/६.९ला तिचा व्यास सुमारे ९ मायक्रॉन असतो. पहिल्या कॅमेऱ्याचा एकेक चित्रबिंदू जेमतेम १.२ मायक्रॉनचा. एका चकतीच्या व्यासावर सात-आठ चित्रबिंदू बसतात. तिथे २० मेगापिक्सेल फक्त मेमरी कार्ड भरतात.

मी माझ्या २०१२च्या फायली पुन्हा उघडल्या. डिजिटल फोटोच्या फाइलमध्ये तो कसा काढला याची नोंद राहते. औक्षणाच्या फोटोंत एफ/५.९, १/८ सेकंद असे लिहिले होते. त्या भिंगाची मर्यादा एफ/३ ते ५.९ होती, चार पावले पुढे जाऊन झूमशिवाय फोटो काढला असता, तर चौपट प्रकाश मिळून १/३० सेकंद पुरला असता, आणि झूममुळे मोठा दिसणारा हाताचा कंपही टळला असता. हे अंक भिंगाभोवतीच्या कड्यावरच छापलेले होते. पत्रकाने माझे लक्ष दुसरीकडे नेले हे खरे, पण पदार्थविज्ञानात डॉक्टरेट घेऊनही मी ते कडे वाचले नव्हते. निम्मा दोष माझा.

न्याय्य काय?

परीक्षण एकतर्फी होऊ नये. लख्ख उन्हात दूरच्या फांदीवरचा पक्षी टिपायचा असेल, तर ३ पट झूमचा कॅमेरा निरुपयोगी आहे आणि ४० पटीचा उपयोगी. भर उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो. दिवाणखान्यात रात्री एकदोनशे. आपला डोळा जुळवून घेतो, म्हणून हा शेकडो पटींचा फरक जाणवत नाही. कॅमेऱ्याला तो चुकवता येत नाही. कुठला कॅमेरा चांगला, याआधी विचारायला हवे की आपण कुठे उभे राहून फोटो काढतो.

फोनलाही श्रेय द्यावे लागेल. तो पाठोपाठ अनेक चित्रे घेऊन त्यांची बेरीज करतो आणि चूक कमी करतो. ४८ मेगापिक्सेलचे अनेक फोन चार-चार बिंदू एकत्र करून १२ मेगापिक्सेलचेच चित्र देतात; कंपन्यांनीच दिलेली ही कबुली म्हणता येईल. कित्येक चांगल्या फोनचा मुख्य संवेदक पहिल्या पत्रकातल्या कॅमेऱ्याहून मोठा असतो. म्हणजे तो कॅमेरा घेणे ही घरातल्या फोटोंपुरती बढती नव्हे, बदली आहे!

मी बहिणीला खरेदीआधी एक काम दिले. गेल्या वर्षातले आवडते पन्नास फोटो उघडून प्रत्येकाची शटरची वेळ आणि झूम लिहून काढ. बत्तीस फोटो घरातले किंवा संध्याकाळचे निघाले. मोठा झूम फक्त तिघांत. तिने दुसरा कॅमेरा घ्यायचे ठरवले. महाग आहे, म्हणून एक वर्ष जुना, वापरलेला शोधते आहे. फोटोंची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवायचेही तिने कबूल केले आहे.

हाच उपक्रम वर्गात करता येईल. मुलांनी घरच्या फोनमधले वीस फोटो निवडावे, शटरच्या वेळेचा तक्ता करावा, हललेले फोटो वेगळे काढावे आणि कोणत्या वेळेपासून फोटो हलू लागतात ते शोधावे. नंतर एखादे माहितीपत्रक फळ्यावर लावून विचारावे: यात काय लिहिलेले नाही?

हंपीच्या विरूपाक्ष मंदिरात एका अंधाऱ्या खोलीत भिंतीतल्या लहान छिद्रातून प्रकाश येतो आणि समोर गोपुराची उलटी आकृती उमटते. भिंग नाही, संवेदक नाही, मेगापिक्सेल नाही. मुलांना ती नीट दाखव आणि त्या खोलीत झूम करू नको, पुढे जा, असे मी बहिणीला सांगितले आहे.