छापून आलेली शंका

२५ जानेवारी १९८४ रोजी जपानच्या मोठ्या वर्तमानपत्रांत सोनीच्या बीटामॅक्स या घरगुती व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डरची जाहिरात आली. मथळ्यात प्रश्न होता: बीटामॅक्स नाहीसा होणार का? दुसऱ्या दिवशी दुसरा प्रश्न: बीटामॅक्स घेतला तर नुकसान होईल का? तिसऱ्या दिवशी: बीटामॅक्सचं पुढे काय होणार? चौथ्या दिवशी प्रश्नचिन्ह गेलं, उद्गारचिन्ह आलं: बीटामॅक्समध्ये आता आणखी रंगत येतेय! नाहीसा होणार का, या प्रश्नाचं उत्तर खालच्या मजकुरात होतंच: अर्थातच नाही. पण वाचकांनी मथळे तेवढे वाचले आणि सोनी बीटामॅक्स गुंडाळतेय असा समज पसरला. तेव्हापासून फसलेल्या जाहिरातींचा विषय निघाला की ही मालिका आठवली जाते. फसली हे खरंच, पण म्हणून ती वाचण्याजोगी नाही असं मात्र नाही. सोनी आणि मात्सुशिता या त्या काळच्या दोन बलाढ्य जपानी कंपन्या धंद्याकडे कशा बघत होत्या, हे या चार मथळ्यांतून जितकं कळतं तितकं जाडजूड अहवालांतून कळत नाही.

क्रम बघा. पहिला प्रश्न यंत्राच्या अस्तित्वाचा, दुसरा गिऱ्हाइकाच्या खिशाचा, तिसरा काळाचा. पहिल्या दोन प्रश्नांना ‘नाही’ म्हणून निकालात काढता येतं. तिसऱ्याला तसं उत्तरच नाही, आणि नेमका तोच उद्गारचिन्हाच्या आधी ठेवलाय. भाषा घरगुती आहे, दुकानात उभा राहिलेला माणूस विक्रेत्याला हळूच विचारेल तशी. मथळ्यांत प्रतिस्पर्ध्याचं नाव नाही, तांत्रिक बढाई नाही. लोक पाठीमागे जे बोलत होते ते सोनीनं उचललं आणि स्वतःच्या नावाखाली मोठ्या टाइपात छापलं. याला धाडस लागतं. आपल्या मालाबद्दलची शंका पैसे मोजून छापणाऱ्या कंपन्या किती सापडतील? पण ‘माझ्या मुलीचं लग्न मोडलेलं नाही’ असं वर्तमानपत्रात जाहीर करणाऱ्या बापाचं जे होतं तेच इथे झालं. ज्यांच्या कानावर काही नव्हतं, त्यांच्याही ते कानावर गेलं.

ही वेळ आली कशी? १९७५ च्या मे महिन्यात बीटामॅक्स बाजारात आला. कॅसेट सुबक, आटोपशीर, चित्र देखणं, रेकॉर्डिंग मात्र एक तासाचं. त्याआधी, १९७४ मध्ये, सोनीनं तो मात्सुशिता आणि जेव्हीसीला दाखवला होता. अपेक्षा अशी की सगळ्यांनी हाच नमुना स्वीकारावा. पण दाखवला तेव्हा कारखान्याची तयारी उरकत आली होती. पाहुण्यांना बोलावलं होतं ते मान डोलवायला. सूचना ऐकायला नव्हे. सोनीचा स्वभावच तो. आधी कुणी न केलेली वस्तू करायची, मनासारखी करायची आणि तिच्या गुणावर गिऱ्हाइकाला जिंकायचं. मात्सुशिताचा पिंड अगदी वेगळा. नळाच्या पाण्यासारखा माल मुबलक आणि स्वस्त व्हावा, असं कोनोसुके मात्सुशिता १९३२ पासून सांगत आले होते. दुसऱ्याची वस्तू बघून तीच अधिक स्वस्तात करणारी कंपनी म्हणून लोक तिला ‘मानेशिता’, म्हणजे नक्कल करणारी, असं चिडवत. कंपनीनं ते फारसं मनावर घेतल्याचं दिसत नाही.

जेव्हीसी ही मात्सुशिताच्याच छत्राखालची. १९७६ मध्ये तिनं दोन तास रेकॉर्डिंग करणारी व्हीएचएस पद्धत आणली. इथवर ही तंत्रज्ञांची शर्यत होती. पुढची चाल शिझुओ ताकानो या अधिकाऱ्याची, आणि माझ्या मते साऱ्या लढाईचा निकाल तिथेच लागला. यंत्र बाजारात येण्याआधीच त्यांनी त्याचा नमुना प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या हाती दिला. घेऊन जा, उघडून बघा, सुधारणा सुचवा. हिताची, शार्प, मित्सुबिशी त्या बाजूला गेल्या. अमेरिकेतल्या आरसीएला फुटबॉलचा अख्खा सामना मावेल असं चार तासांचं यंत्र हवं होतं. मात्सुशितानं ते १९७७ मध्ये करून दिलं. चित्राची प्रत त्यात घसरली. सोनीच्या इंजिनिअरांना हा अपराध वाटला असणार. घसरलेल्या चित्रात का होईना, सामना शेवटपर्यंत दिसत होता!

आता जाहिरातीचा दुसरा मथळा पुन्हा वाचावा. घेतला तर नुकसान होईल का? फ्रिजबद्दल हा प्रश्न कुणी विचारत नाही. शेजाऱ्यानं दुसऱ्या कंपनीचा फ्रिज घेतला म्हणून आपलं दूध नासत नाही. व्हिडिओचं तसं नव्हतं. शेजाऱ्याकडे कुठली कॅसेट चालते आणि कोपऱ्यावरचा दुकानदार भाड्यानं कुठली ठेवतो, यावर आपल्या यंत्राची किंमत ठरत होती. आपल्याकडेही टीव्हीसकट व्हीसीआर भाड्यानं आणून रात्रभर सिनेमे बघणाऱ्यांनी चित्र कुठल्या पद्धतीत सरस, ही चौकशी कधी केली नाही. म्हणजे सोनीच्या जाहिरातकारानं प्रश्न अचूक पकडला होता. फक्त त्याचं उत्तर सोनीच्या हातात उरलं नव्हतं. ते हिताचीच्या, आरसीएच्या, व्हिडिओ लायब्रऱ्यांच्या हातात होतं, आणि जाहिरात मात्र बोलत होती एकट्या गिऱ्हाइकाशी.

आठ वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतल्या जाहिरातीशी ताडून बघितलं तर हे अधिक जाणवतं. तिथे सोनीनं ऐटीत सांगितलं होतं की ‘कोलंबो’ बघताना ‘कोजॅक’ चुकवायची गरज आता राहिली नाही. दोन्ही मालिका युनिव्हर्सलच्या. १९७६ सालातच युनिव्हर्सल आणि डिस्नेनं सोनीला कोर्टात खेचलं. घरी रेकॉर्डिंग करणं बेकायदा नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार अशा मतांनी दिला तो १७ जानेवारी १९८४ रोजी, म्हणजे या प्रश्नमालिकेच्या जेमतेम आठवडाभर आधी. खटला सोनीनं लढला, फायदा व्हीएचएसवाल्यांनाही तेवढाच झाला. जाहिरातींत या विजयाची साधी टिमकीसुद्धा वाजत नाही, आणि यात मला सोनीचा खानदानी हट्ट दिसतो: बोलायचं ते यंत्राबद्दल.

पुढचं थोडक्यात. १९८८ मध्ये सोनीनं स्वतःच व्हीएचएस यंत्रं विकायला घेतली. तरी ‘नाहीसा होणार का’चं उत्तर खोटं नव्हतं. बीटाचे रेकॉर्डर २००२ पर्यंत बनत राहिले, कॅसेटचा पुरवठा तर २०१६ च्या मार्चपर्यंत चालू होता. त्याच घराण्यातली बीटाकॅम पद्धत जगभरच्या दूरचित्रवाणी केंद्रांनी डोक्यावर घेतली.

२००२ च्या फेब्रुवारीत ब्लू-रे डिस्कची घोषणा झाली, तेव्हा नऊ कंपन्या एकत्र होत्या. सोनी त्यांत होतीच. मात्सुशिता, हिताची आणि शार्पही होत्या. गिऱ्हाइकाला काही विचारण्याआधी या वेळी प्रतिस्पर्ध्यांकडे जाऊन झालं होतं. समोर एचडी डीव्हीडी घेऊन उभी राहिली ती तोशिबा, बीटामॅक्सची एके काळची साथीदार. २००८ च्या फेब्रुवारीत तिनं माघार घेतली.