शाब्दिक उदाहरण आणि पोल्यांची पहिली पायरी

प्राथमिक शाळेतील मुलांना पद्धतशीर विचार करण्यास शिकवावे, ही मागणी नवी नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने गणिती व संगणकीय विचारास पायाभूत स्तरापासून महत्त्व देण्याचे ठरविल्यामुळे तिला आता शासकीय अधिष्ठान लाभले आहे, इतकेच. या विषयावरील बऱ्याच विवेचनामागे जॉर्ज पोल्या यांचा ‘हाउ टु सॉल्व्ह इट’ हा १९४५ सालचा ग्रंथ उभा असतो. प्रश्न समजून घेणे, बेत आखणे, तो पार पाडणे आणि उत्तराकडे पुन्हा वळून पाहणे, या त्यातील चार पायऱ्या सुपरिचित आहेत.

पोल्या गणितज्ञ होते आणि त्यांच्या नजरेसमोरचा विद्यार्थी वयाने मोठा होता. उदाहरणाचे शब्द आधी समजले पाहिजेत, हे ते स्पष्ट सांगतात. परंतु ते समजले की नाही हे पाहण्यासाठी विद्यार्थ्याकडून उदाहरण पुन्हा वदवून घ्यावे, म्हणजे काही मर्यादेपर्यंत खात्री पटेल, असे सुचवून पुढे जातात. ही मर्यादा प्राथमिक वर्गात फार लवकर येते. आठ वर्षांचे मूल न समजलेले वाक्यही बिनचूक म्हणून दाखविते. पाठांतरावर पोसलेल्या शाळेत तर हमखास.

हडसन यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग येथे उद्बोधक आहे. चित्रात पाच पाखरे व चार किडे दाखवून ‘किड्यांपेक्षा पाखरे किती जास्त?’ असे विचारले, तेव्हा पहिलीच्या शेकडा ६४ मुलांना उत्तर आले. ‘किती पाखरांना किडा मिळणार नाही?’ असे विचारताच सर्वांना आले. गणित तेच होते. बदलले ते वाक्य.

या अडचणीवर शाळांनी काढलेला तोडगा म्हणजे खुणेचे शब्द : ‘एकूण’ दिसले की बेरीज, ‘उरले’ दिसले की वजाबाकी. यास पद्धतशीर विचार म्हणणे धाडसाचे होईल. ‘गोविंदाजवळ ८ बोरे आहेत, ती गोदूजवळील बोरांपेक्षा ३ ने जास्त आहेत. गोदूजवळ किती?’ येथे ‘जास्त’ पाहून मूल ११ लिहिते. १९८० च्या सुमारास ग्रेनोबल येथे बोटीवरील २६ मेंढ्या व १० शेळ्या सांगून कप्तानाचे वय विचारले गेले, तेव्हा ९७ पैकी ७६ मुलांनी दिलेल्या आकड्यांतून वय काढून दाखविले. मुलांनी वाक्य वाचलेच नव्हते. आकडे तेवढे वेचले होते.

मराठीत तर खुणेच्या शब्दांवर विसंबणे अधिकच अनाठायी ठरते, कारण अर्थाचा भार पुष्कळदा शब्दावर नसून प्रत्ययावर व रचनेवर असतो. ‘किती जास्त’ याऐवजी ‘कितीने जास्त’ असे म्हणताच तृतीयेचा ‘ने’ दोन राशींमधील अंतराकडे बोट दाखवितो. हडसन यांच्या इंग्रजी प्रश्नात ही सोय नव्हती. ‘मुलांना चार लाडू दिले’ आणि ‘मुलांना चार-चार लाडू दिले’ या वाक्यांत एकही नवा शब्द नाही. गुणाकार आला तो द्विरुक्तीतून. खुणेच्या शब्दांच्या यादीत द्विरुक्ती कशी घालणार?

भागाकारात हा भेद सर्वाधिक मोलाचा ठरतो. ‘वीस पेरू पाच जणांत वाटले’ आणि ‘वीस पेरूंचे पाच-पाचांचे वाटे केले’, या दोहोंचे उत्तर ४ च. परंतु पहिल्यात चार पेरू आहेत, दुसऱ्यात चार वाटे. ‘जणांत’ मधील सप्तमी आणि ‘पाचांचे’ मधील षष्ठी यांनी मुलासमोर दोन वेगळी चित्रे उभी केलेली असतात. ती पाहण्याची सवय लागली, तर बेत आखण्याची दुसरी पायरी जवळजवळ आपोआप चढून होते.

पोल्यांच्या चौथ्या पायरीचा खरा उपयोगही येथेच आहे. प्राथमिक वर्गात ‘वळून पाहणे’ म्हणजे आकडेमोड तपासणे, असा समज रूढ झाला आहे. तो ग्रंथकाराचा नव्हे. उत्तर घेऊन मूळ वाक्यात परतावे आणि ‘चार काय?’ असे विचारावे. पेरू म्हणणारे मूल आणि वाटे म्हणणारे मूल यांच्या वहीत मात्र एकच आकडा असतो, आणि तपासणारा दोघांनाही सारखेच गुण देतो.